आधी साथ, मग सूत्र : साथरोगशास्त्राचे समस्याधारित अध्यापन

समस्याधारित अध्यापनात विद्यार्थ्यांपुढे आधी प्रश्न येतो आणि तो सोडवायला लागणारे ज्ञान ते नंतर मिळवतात. नेहमीच्या वर्गातला क्रम याच्या उलट असतो. आधी व्याख्या, मग सूत्र, मग उदाहरण आणि तास संपायला पाच मिनिटे उरलीच तर एखादा प्रश्न. शरीररचनाशास्त्रासारख्या विषयाला हा उलटा क्रम फारसा बाधत नाही. साथरोगशास्त्राला मात्र तो चांगलाच बाधतो, कारण हे शास्त्र मुळात माहितीच्या साठ्यापेक्षा माहिती शोधण्याच्या रीतीवर उभे आहे. कुणाला झाले, कुठे झाले, केव्हा झाले आणि ज्यांना झाले नाही त्यांच्यात वेगळे काय होते, या चार प्रश्नांभोवती ते फिरते. 'सापेक्ष धोका' म्हणजे काय हे घडाघडा सांगणारा विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णयादी हाती आल्यावर कोणत्या संख्येला कोणत्या संख्येने भागायचे याच्यापाशी अडतो. सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या प्रत्येक विभागातल्या शिक्षकांना हा अनुभव आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांत 'पीएसएम' (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र, म्हणजे हाच विषय) म्हणजे पाठांतराचा विषय अशी ख्याती आहे, ती यातूनच आली.

या पद्धतीचा उगम कॅनडातला. ओंटारिओ प्रांतातल्या हॅमिल्टन शहरी मॅकमास्टर विद्यापीठाने नवे वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि १९६९ मध्ये पहिली तुकडी घेतली. अधिष्ठाता जॉन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्याख्यानांचे वेळापत्रक जवळजवळ मोडीत काढले. विद्यार्थ्यांचे छोटे गट, प्रत्येक गटाला एक शिक्षक आणि समोर एका रुग्णाची हकिकत, अशी मांडणी केली. पुढे या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप देण्यात मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांचा वाटा मोठा होता. याच महाविद्यालयात १९६७ मध्ये डेव्हिड सॅकेट यांनी चिकित्सालयीन साथरोगशास्त्र आणि जीवसंख्याशास्त्राचा विभाग उभा केला, आणि पुढे 'पुराव्याधारित वैद्यक' हा शब्दप्रयोग गॉर्डन गयाट यांनी याच विभागातून रूढ केला. रुग्णापासून प्रश्न, प्रश्नापासून पुरावा आणि पुराव्याची छाननी साथरोगशास्त्राच्या हत्यारांनी, असा हा प्रवास आहे. समस्याधारित अध्यापन आणि चिकित्सालयीन साथरोगशास्त्र एकाच छपराखाली वाढले, ही गोष्ट या विषयावरच्या लेखनात बहुधा निसटते.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने १९७४ मध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलने १९७८ मध्ये ही पद्धत घेतली. मास्ट्रिख्टने तिला सात पायऱ्यांची शिस्त लावली. अनोळखी शब्द स्पष्ट करणे, समस्या नेमक्या शब्दांत मांडणे, जवळ असलेल्या ज्ञानावर तर्क लढवणे, ते तर्क व्यवस्थित लावणे, आपल्याला काय माहीत नाही ते ठरवणे, ते स्वतंत्रपणे शिकून येणे आणि शेवटी पुन्हा एकत्र बसून उत्तर जुळवणे. यांतली पाचवी पायरी सर्वांत मोलाची. 'आम्हाला हे येत नाही' असे गटाने लिहून काढल्याशिवाय पुढचे वाचन नेमके होत नाही. घाईतल्या वर्गात हीच पायरी पहिली गाळली जाते.

साथरोगशास्त्राची स्वतःची अशी एक परंपराही याच वाटेने आली. अमेरिकेत १९५१ मध्ये अलेक्झांडर लँगमुइर यांनी साथ-गुप्तवार्ता सेवा सुरू केली. तरुण डॉक्टरांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण द्यायचे आणि खऱ्या साथीवर पाठवायचे, अशी तिची रीत होती. मैदानात जाण्याआधीच्या त्या थोड्या दिवसांत शिकवायचे काय? उत्तर म्हणून जुन्या तपासांचे कागद काढून त्यांचे टप्प्याटप्प्याने उलगडणारे अभ्यासपाठ केले गेले. त्यांतला जगभर सर्वाधिक वापरला गेलेला पाठ ओस्वेगोचा. या पद्धतीचे यश नेमके कशात आहे ते त्यात उघड दिसते, म्हणून तो जरा जवळून पाहण्याजोगा आहे.

१८ एप्रिल १९४० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगो परगण्यातल्या लायकमिंग या खेड्यात चर्चचे सामुदायिक जेवण होते. त्यानंतर गावात उलट्या, जुलाब, मळमळ आणि पोटदुखीचे रुग्ण निघाले. ताप कुणालाच नव्हता आणि २४ ते ३० तासांत सगळे बरे झाले. जेवायला ८० जण होते. त्यांतल्या ७५ जणांची विचारपूस झाली आणि ४६ जण आजारी पडल्याचे आढळले. पाठाच्या पहिल्या पानावर एवढेच असते. विद्यार्थ्यांनी ठरवायचे की याला साथ म्हणायचे का, 'रुग्ण' कुणाला धरायचे आणि काय-काय विचारायचे. दुसऱ्या पानावर ७५ जणांची यादी येते. वय, लिंग, जेवणाची वेळ, लक्षणे सुरू झाल्याची वेळ आणि १४ पदार्थांपुढे हो किंवा नाही. त्यावरून साथीचा आलेख काढायचा. आलेख काढला की एक ठिपका बाजूला पडलेला दिसतो. एक मूल जेवणाच्या वेळेआधीच, दुपारी आजारी पडलेले. या ठिपक्याचे काय करायचे? चूक समजून खोडायचा की तिथेच धागा आहे? उत्तर नंतरच्या पानावर मिळते. आइस्क्रीम तयार होत असताना तिथे घुटमळणाऱ्या या मुलाला सकाळी अकरालाच वाटीभर व्हॅनिला मिळाले होते. त्या एका ठिपक्याने पदार्थही सुचवला आणि अधिशयन काळही.

मग कोष्टक. व्हॅनिला आइस्क्रीम खाणाऱ्या ५४ जणांपैकी ४३ आजारी, म्हणजे ८० टक्के. न खाणाऱ्या २१ जणांपैकी ३, म्हणजे १४ टक्के. सापेक्ष धोका साडेपाचपट. इथे पाठ संपला असता तर ते एक साधे गणित झाले असते. पण चॉकलेट आइस्क्रीमच्या रांगेत काही वेगळेच दिसते. ते खाणाऱ्यांत ५३ टक्के आजारी आणि न खाणाऱ्यांत ७४ टक्के. वर्गात कुणीतरी हमखास म्हणतो की चॉकलेट आइस्क्रीम आजारापासून वाचवते. शिक्षकाने या क्षणी तोंड बंद ठेवायचे असते. थोड्या वेळाने दुसरा कुणी विचारतो, 'चॉकलेट घेणाऱ्यांनी व्हॅनिला कमी घेतले असेल का?' त्या प्रश्नातून गोंधळकारी घटक ही संकल्पना वर्गात येते, आणि ती विद्यार्थ्यांनीच आणलेली असते. व्याख्यानात याच संकल्पनेसाठी पाऊण तास खर्ची पडतो आणि पुढच्या आठवड्यात तिचा मागमूस राहत नाही.

उरलेल्या संख्याही बोलक्या आहेत. व्हॅनिला न खाता आजारी पडलेले तिघे कोण? विसरले, खोटे सांगितले, की चमचा दोन्ही भांड्यांत फिरला? खाऊनही ठणठणीत राहिलेले ११ जण का सुटले? शेवटच्या पानावर कळते की आइस्क्रीमचे मिश्रण आदल्या दिवशी करून चर्चच्या तळघरात रात्रभर झाकून ठेवले होते. ते बनवणाऱ्या दोघींपैकी एकीच्या नाक-घशात स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडले आणि व्हॅनिलातही ते जंतू मोठ्या संख्येने होते. एका खेड्यातल्या जेवणावरून व्याख्या, आलेख, दर, सापेक्ष धोका, गोंधळकारी घटक, चुकीची नोंद आणि प्रयोगशाळेची भूमिका असे साथरोगशास्त्राचे निम्मे प्राथमिक प्रकरण पार पडते.

समस्या कशी रचावी याचे काही धडे या पाठातून मिळतात. माहिती एकदम ओतायची नाही, टप्प्याने सोडायची. संख्या खऱ्या असाव्यात, कारण खऱ्या संख्यांत न जुळणारे काहीतरी असतेच आणि शिकणे तिथेच घडते. शिक्षकाने घरी बसून रचलेल्या समस्येत प्रत्येक आकडा इतका शहाण्यासारखा वागतो की विद्यार्थी पाच मिनिटांत उत्तर ओळखतात. आणि रहस्य उलगडल्यावरही एक प्रश्न शिल्लक असावा. ओस्वेगोत तो असा : सगळे बरे झाले होते, मग एवढा तपास कशासाठी?

ओस्वेगो कितीही चांगला असला तरी महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला चर्चच्या जेवणाची आणि घरी केलेल्या आइस्क्रीमची कल्पना आधी समजावून द्यावी लागते. इथे तर समस्या दारात आहेत. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. दमट जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिच्या विषाने उलट्या, चक्कर, जुलाब होतात. नवरात्राच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासन याबाबत सूचनाही काढते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यात हरिनाम सप्ताहातल्या प्रसादानंतर शेकडो माणसे आजारी पडली आणि झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावावे लागले. अशा प्रसंगावर पाठ बेतला तर तो ओस्वेगोहून अवघड होतो, आणि म्हणूनच अधिक उपयोगी. एकादशीच्या पंगतीत पानावर दोनच जिन्नस असतात, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, आणि पंगतीला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण दोन्ही खातो. कोष्टकातला 'न खाल्लेल्यांचा' रकाना जवळजवळ रिकामा. ओस्वेगोची युक्ती इथे चालत नाही. मग तुलना कशाशी करायची? पहिल्या पंगतीची शेवटच्या पंगतीशी. एक वाढप घेणाऱ्यांची तीन वेळा घेणाऱ्यांशी. प्रसाद घरी नेलेल्या कुटुंबांची, तान्ह्या मुलांची, नुसते ताक पिऊन उठलेल्या म्हाताऱ्यांची. त्याच दुकानातून सुटी भगर नेलेल्या शेजारच्या गावची. तुलनेचा गट आयता मिळत नसतो, तो शोधावा लागतो, हे या एका पाठात जितके पक्के होते तितके कोणत्याही सूत्राने होत नाही.

साथीचा तपास हा या पद्धतीचा सर्वांत सोपा भाग. त्यामुळे कित्येक महाविद्यालयांत समस्याधारित अध्यापन म्हणजे विषबाधेचा पाठ, एवढ्यावरच गाडी थांबते. वास्तविक शास्त्राचा मोठा हिस्सा याच्या पलीकडे आहे, आणि त्यासाठीही सामग्रीची वाण नाही. जॉन स्नो यांच्या लंडनमधल्या १८५४ च्या कॉलऱ्याच्या अभ्यासातला ब्रॉड स्ट्रीटचा पंप सर्वांना माहीत असतो, पण शिकवायला त्यांचे दुसरे काम जास्त चांगले. एकाच वस्तीत दोन कंपन्यांचे नळ होते. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, तर शहराच्या वरच्या अंगाने पाणी घेणाऱ्या लँबेथ कंपनीच्या घरांत ३७. कोष्टक देऊन एवढेच विचारावे : हा प्रयोग नाही, तरी प्रयोगासारखा का वाटतो?

घटना जवळची हवी असेल तर गडचिरोलीची आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. विद्यार्थ्यांना आधी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंदवही द्यावी, त्यावरून स्त्रीरोगांचे प्रमाण काढायला सांगावे आणि मग हा आकडा समोर ठेवावा. रुग्णालयात दिसणारा आजार आणि गावात असलेला आजार यांतली तफावत यापुढे वेगळी शिकवावी लागत नाही. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत झालेल्या कोविड प्रतिपिंड सर्वेक्षणात झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. नोंदलेल्या रुग्णांची संख्या तेव्हा याच्या जवळपासही नव्हती. मग मृत्युदराचा छेद कोणता धरायचा? नोंदलेले रुग्ण, की बाधित झालेले सगळे? आणि १८९७ मध्ये हाफकिन यांनी प्लेगची लस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली, तेव्हा पुढे न आलेल्यांशी केलेली तुलना कितपत न्याय्य होती, हा प्रश्न निवडीतल्या पक्षपातावरच्या कुठल्याही धड्याहून सरस आहे.

चाळणी चाचण्यांचा भाग या पद्धतीने शिकवताना मात्र सावध राहावे लागते. समजा १०,००० लोकांत एक टक्का आजारी आहेत, चाचणीची संवेदनशीलता ९० टक्के आणि विशिष्टता ९५ टक्के. खरे सकारात्मक ९०, खोटे सकारात्मक ४९५. सकारात्मक ठरलेल्या दर सहा-सात जणांत खरा आजारी एक. या निकालाने विद्यार्थी चकित होतात, पण चकित व्हायलाही चौकटीचे कोष्टक भरता यावे लागते. ते भरणे गटचर्चेतून उमगत नाही. कुणीतरी फळ्यावर एकदा करून दाखवावे लागते. साथरोगशास्त्रातल्या हिशेबी भागाला हेच लागू आहे. वयानुसार प्रमाणीकरण, व्यक्ती-वर्षे, विश्वास अंतराल हे सगळे आधी शिकवून मग समस्येत वापरायला द्यावे. तुलना, पक्षपात, कार्यकारणभाव हे मात्र समस्येतूनच उभे राहू द्यावे. दोन्ही एकाच मापाने मोजण्याच्या हट्टापायी ही पद्धत बदनाम झाली आहे.

पुराव्याचा हिशेबही असाच मिश्र आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या आढाव्यांत, एक अल्बानीज आणि मिशेल यांचा, दुसरा व्हर्नन आणि ब्लेक यांचा, समस्याधारित पद्धतीने शिकलेले विद्यार्थी रुग्णतपासणीत आणि अभ्यासाविषयीच्या समाधानात पुढे, तर मूलभूत विषयांच्या लेखी परीक्षेत किंचित मागे दिसले. २००० मध्ये जेरी कॉलिव्हर यांनी विचारले की एवढ्या खर्चाच्या मानाने फायदा कुठे आहे? २००३ मध्ये डोखी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हे विद्यार्थी लगेचच्या परीक्षेत थोडे कमी सांगतात, पण शिकलेले जास्त काळ लक्षात ठेवतात. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी सर्वांत कडक टीका केली : नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय सोडले तर त्याची बुद्धी शोधाशोधीतच खर्च होते आणि शिकायला काही उरत नाही. पुढच्याच वर्षी हमेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले की चांगल्या समस्याधारित वर्गात मार्गदर्शन भरपूर असते, फक्त ते व्याख्यानाच्या रूपात नसते. या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. ओस्वेगोच्या पाठातली टप्प्याटप्प्याची पाने हेच मार्गदर्शन आहे. ती काढून टाकून विद्यार्थ्यांना नुसते 'साथ शोधा' म्हटले तर किर्शनर यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते.

सगळा भार येतो तो शिक्षकावर. गप्प बसणे हे या पद्धतीतले सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि वीस वर्षे व्याख्याने दिलेल्या प्राध्यापकाला ते जमता जमत नाही. पाचव्या मिनिटाला तो उत्तर सांगून मोकळा होतो. याच्या उलट टोकाला विषय न जाणणारा मार्गदर्शक असतो. चर्चा भरकटली तरी त्याला कळत नाही, आणि गट चुकीच्या निष्कर्षावर एकमताने पोचतो. चॉकलेट आइस्क्रीम आजारापासून वाचवते, असे ठरवून उठलेला गट काल्पनिक नाही.

भारतात मुख्य अडचण संख्येची. दहा विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक धरला तर दीडशेच्या तुकडीला पंधरा मार्गदर्शक लागतात, आणि अनेक महाविद्यालयांतल्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागात एवढे शिक्षकच नसतात. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने छोट्या गटांत शिकवण्यावर भर दिला, पण जागांची संख्या त्याच काळात वाढत गेली. यावर व्यवहार्य तोड म्हणजे लॅरी मायकेलसन यांची संघाधारित पद्धत. एकाच सभागृहात सहा-सात जणांचे गट बसवायचे, आधी प्रत्येकाची, मग गटाची छोटी चाचणी घ्यायची, त्यानंतर सगळ्या गटांना एकच समस्या द्यायची आणि दोन शिक्षकांनी फिरत राहायचे. मॅकमास्टरच्या कडव्या पुरस्कर्त्यांना ही तडजोड वाटेल. दीडशे विद्यार्थ्यांपुढे माइक धरण्यापेक्षा ती निश्चित बरी.

पदव्युत्तर पातळीवर चित्र वेगळे आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ पासून आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून क्षेत्रीय प्रशिक्षण चालते. त्यात शिकणारे खऱ्या साथींवर जातात आणि परत येऊन अहवालाची चिरफाड सोसतात. तिथे समस्याधारित अध्यापन हा वेगळा प्रयोग राहत नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना याच्या जवळ नेणारी महाराष्ट्रातली जुनी व्यवस्था सेवाग्रामची. महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांकडे ठरावीक कुटुंबे असतात. ज्या घरात आपण वर्षभर गेलो त्या घरातले बाळ अशक्त का, हा प्रश्न कागदावरच्या समस्येपेक्षा जास्त टोचतो. फक्त गावभेट आणि वर्गातले गणित एकमेकांना जोडावे लागते. नाहीतर सर्वेक्षणाचे अर्ज भरले जातात, कपाटात जातात आणि वर्गात पुन्हा ओस्वेगोच येतो.

आणि परीक्षा. मास्ट्रिख्टने १९७७ पासून प्रगती चाचणी आणली. सर्व वर्षांच्या विद्यार्थ्यांना ठरावीक अंतराने एकच प्रश्नपत्रिका दिली जाई आणि प्रत्येकाची वाढ मोजली जाई. चाचणीच्या आधी घोकून उपयोग नसल्यामुळे शिकण्याची रीत आपोआप बदलली. आपल्याकडे वर्षभर समस्या सोडवलेला विद्यार्थीही परीक्षेच्या आधी पंधरा दिवस 'पार्क' हे पाठ्यपुस्तक उघडून लघुटीपा पाठ करतो, कारण प्रश्नपत्रिका व्याख्याच विचारते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चाळीस रुग्णांची यादी छापून 'रुग्णाची व्याख्या ठरवा, आलेख काढा, संशयित पदार्थ सांगा आणि तुमचा निष्कर्ष कशामुळे चुकू शकेल ते लिहा' असा वीस गुणांचा प्रश्न घालायला विद्यापीठांना नवी पदे लागत नाहीत की नवा निधी. अभ्यास मंडळांनी सुरुवात तिथून करावी.